शाल, नारळ आणि किल्ली

आमच्या तळमजल्यावरच्या गृहस्थांची चाकांची खुर्ची कोपऱ्यावर दिसली, की भाजीवालीच्या शिळ्या मेथीला घाम फुटायचा. एक जुडी निवडायला ते इतका वेळ घेत, की तोवर शेजारच्या टोपलीतले कच्चे टोमॅटो पिकत. कुणी "काका, मी आणून देतो की" म्हणालं, तर उत्तर तयार असे, "मग जेवूनही तुम्हीच टाका ना!"

सोसायटीने त्यांच्यासाठी पायऱ्यांच्या कडेने उतार बांधला. त्यावरून लोक स्कूटर चढवू लागले, म्हणून कमिटीने उताराच्या तोंडाशी साखळी लावून कुलूप घातलं. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. गृहस्थ म्हणाले, "अहो, येरवड्यात निदान सुटायची तारीख तरी सांगतात."

टोमणा लागला. कमिटीने सभा भरवली आणि शाल-नारळासह त्यांना स्वतंत्र किल्ली अर्पण केली. टाळ्या अशा, की पर्वतीवरचे कावळे उडाले असतील.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले. कुलूप साखळीच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याएवढ्या उंचीवर. खुर्चीतून कितीही वाकले तरी हात पोहोचेना. मी धावत जाऊन त्यांच्या किल्लीने कुलूप उघडलं.

"रोज याल?" त्यांनी विचारलं.

"कमिटीशी बोलतो ना मी."

त्यांनी खुर्ची घराकडे वळवली.

कमिटी म्हणते, किल्ली दिलेली आहे. हल्ली त्यांची भाजी घरपोच येते. परवा मी दारातून विचारलं, "आज कुठली भाजी?"

"जी आली ती," ते म्हणाले.