हौसाचं पान

"तोंड उघड," आजी म्हणाल्या.

मी उघडलं. औषधाचा स्टीलचा चमचा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी माझ्या तोंडात घातला आणि टोक टाळूला लावलं. दाबलं.

"इथं. जीभ इथं लागली पाहिजे. आता म्हण, डोळे."

तोंडात चमचा. मी काय म्हणणार. घशातून कसला तरी आवाज आला. समोर सोफ्यावर त्यांची सून मधुरा आणि तिच्या दोन मैत्रिणी कॉफी घेत बसलेल्या. एकीला हसताना ठसका लागला. मधुरा म्हणाली, "आई, बास. गुदमरेल बिचारी." हे म्हणताना तीही हसत होती.

आजींनी चमचा काढला. नॅपकिनला पुसला. उलटा करून परत पुसला.

"म्हण."

"डोले," मी म्हटलं.

"जन्मभर शाळेत मराठी शिकवलंय मी," आजी मैत्रिणींकडे बघत म्हणाल्या. "दगडांना बोलायला लावलंय. हिला नाही का लावणार?"

दगड. त्याच सकाळी त्या बाईचं अंग मी पुसलेलं. तिच्याखालचं भांडं काढून मी धुतलेलं. तेव्हा दगड कुणी म्हटलं नव्हतं. तेव्हा "हळू हं, बाळा" म्हणत होत्या.

मी घरी जाऊन पेशंट सांभाळते. अटेंडंट. ब्यूरो सांगेल तिथे जायचं, सकाळी आठला पोचायचं, रात्रपाळीची बाई आली की निघायचं. राहायला डोंबिवलीजवळच्या मानपाड्याला. आम्ही आगरी. जिथं आमची भातशेती होती तिथं आता कंपन्या आहेत, आणि आम्ही कंपन्यांच्या मागच्या चाळीत. तिथून बस बदलत मी ठाण्यात कोलशेतला जायचे. खाडीकडेला टॉवर, चौदावा मजला. बाल्कनीतून खाडी दिसते, तिला ते व्ह्यू म्हणायचे. खाली कोलशेतचं जुनं गाव दिसतं. त्याला व्ह्यू म्हणत नव्हते.

आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं. डोळ्यांचंही ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. माझ्याआधी जी बाई होती तिला ते मावशी म्हणायचे. मग मलाही मावशी. मी मधुराहून दहा वर्षांनी तरी लहान असेन.

मधुराचा सोसायटीत बायकांचा वाचनाचा ग्रुप होता. त्यांचं ठरलेलं, हा महिना फक्त रोमान्स. आजकालच्या प्रेमकादंबऱ्या. महिन्याच्या शेवटी सगळ्यांनी जमायचं आणि कुणी काय वाचलं त्यावर बोलायचं. मधुरा दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. तिला वेळ नव्हता. ती मला म्हणाली, "मावशी, तुला वाचता येतं ना? आईंना वाचून दाखवत जा. त्यांचा वेळ जाईल. मला पण जाता-येता ऐकता येईल."

मी बारावी पास आहे. वाचता येतं. शाळेतही यायचं. पण तिथं मी उठून वाचलं की वर्ग हसायचा, म्हणून मी मनातल्या मनात वाचायला लागले. मोठ्यानं वाचायचं सोडलं ते सोडलंच. आता इतक्या वर्षांनी कुणी मोठ्यानं वाच म्हणालं. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

पहिल्याच पानावर अडकले. हिरॉइनच्या डोळ्यांत पाणी. मी वाचलं, "डोल्यांत पानी तरललं."

आजींनी हात वर केला. त्या दिवसापासून तो हात सारखा वर. प्रेमकादंबरीत पानोपानी डोळे असतात. काळे डोळे, खोल डोळे, मिटलेले डोळे. शिवाय कुरळे केस. शिवाय सगळं हळुवार, हळवं, मोकळं. मराठीत प्रेम करायचं तर ळ लागतो हे मला तिथं कळलं. मी जपून वाचलं की ळ यायचा. गोष्टीत रमले की जायचा. म्हणजे मला गोष्ट आवडायला लागली की नेमका हात वर.

आणि काय त्या गोष्टी. एकात हिरोचं हॉटेल. एकात हिरो आर्किटेक्ट. एकात लंडनहून आलेला. कुणालाच कामावर वेळेत पोचायचं नसतं. पाऊस लागला की ते भिजतात आणि जवळच कुणाचा तरी बंगला असतो. भांडण झालं की न जेवता झोपतात, आणि सकाळी ओटा स्वच्छ. कुणी केला? लिहिणारीला माहीत नाही. तिनं स्वतः कधी केला नसणार. गरीब मुलगी असते, पण गरिबी म्हणजे कानात छोटे डूल आणि एकच चांगला ड्रेस. हिरो तिला श्रीमंत आईसमोर उभी करतो. आई नाक मुरडते. मग मुलगी शिकते. कसं बसायचं, कसं खायचं, कसं बोलायचं. बोलायला शिकली की आई तिला जवळ घेते. आजी इथं रडायच्या. दर वेळी. टिश्यू मी द्यायचे.

त्या टिश्यूनं डोळे पुसत मला म्हणायच्या, "पाणी, गं. पानी नाही."

एका पुस्तकाचं मला वेड लागलं. त्यातली मुलगी बेकरीत काम करायची. मालकाचा मुलगा तिच्या मागे. ती त्याच्याशी भांडायची, तोंडावर बोलायची. बसमध्ये मी तिचाच विचार करायचे. वाटायचं, ही नाही म्हणणार. ही एक तरी नाही म्हणणार. शेवटी त्या मुलानं ती बेकरीच तिच्या नावावर केली आणि ती त्याच्या गळ्यात पडली. आजी म्हणाल्या, "किती गोड." मी पुस्तक मिटलं. माझा एवढा विश्वासघात खऱ्या माणसानंही केला नव्हता.

मग हौसा आली.

हौसा म्हणजे एका कादंबरीतली कामवाली. दोघांच्या चिठ्ठ्या पोचवते, शब्द उलटेसुलटे बोलते, वाचणाऱ्यांनी हसायचं. तिचं सगळं आयुष्य एका ओळीत. नवरा पिऊन मारतो, पण हौसा सदा हसतमुख. लिहिणारीनं तिचं बोलणं मुद्दाम तसं छापलेलं. "बाईसायेब, तुमच्या डोल्यांत पानी का वं?"

आजी म्हणाल्या, "घे. हे तुझं आहे. इथं काही मी अडवणार नाही."

मी वाचलं. महिन्यात पहिल्यांदा हात वर झाला नाही. मी आख्खं पान न थांबता वाचलं. मधुरा दारात फोन घेऊन उभी होती. मला वाटलं, तिची मीटिंग चालू आहे.

आमच्या शेजारच्या चाळीत सुनीता राहते. तीही त्याच सोसायटीत पेशंट सांभाळायची. एका संध्याकाळी ती घरी आली आणि तिनं फोन पुढे धरला. तिच्या मॅडमनं तिला पाठवलेलं. 'ही तुमच्यातलीच ना?' असं विचारून. व्हिडिओत मी होते. मांडीवर पुस्तक. वर लिहिलेलं, 'ओरिजिनल हौसा'.

मी फोन बंद करणार तेवढ्यात आई आली. तिला वाचता येत नाही. तिनं फोन हातात घेतला, परत लावायला सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा फुलला.

"आपली भाषा पुस्तकान हाय गो?" ती म्हणाली. "केवरा चांगला वाचतंस तू."

मग व्हिडिओच्या शेवटी हसणं आलं. मधुराचं आणि आजींचं. आईनं ते ऐकलं.

"त्या कनाला हासतान?"

सुनीता खाली बघत होती. मी आईला म्हटलं, "गोष्टीत विनोद होता म्हणून." आईनं फोन सुनीताला दिला आणि तांदूळ निवडायला बसली. तिला कळलेलं. माझ्यावर हसले ते मी गिळलं असतं, महिनाभर गिळतच होते. पण माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बोलणं पुस्तकातून ऐकलं, आणि त्याच्या शेवटी ते हसणं होतं. ते गिळता येईना.

दोन दिवसांनी ग्रुप जमला. आजींना उठता येत नाही म्हणून त्यांच्याच घरी. आठ-दहा बायका, ढोकळा, कोल्ड कॉफी. एकेक जण महिनाभराच्या वाचनाबद्दल बोलायला लागली. "मला तो हॉटेलवाला जाम आवडला, काय पझेसिव्ह आहे." "मी शेवट आधी वाचला, मधलं स्किप केलं." एकीनं कबूल केलं की तिनं फक्त मागचं कव्हर वाचलंय. सगळ्या हसल्या. प्रेमळ हसणं. तेही येतं त्यांना.

ती सगळी पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली बाई त्या खोलीत एकच होती, आणि ती डिश उचलत होती. तुला काय वाटलं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कचरा आहे.

मग मधुरा म्हणाली, "मावशी, ये ना इकडे. तो हौसाचा सीन वाच. सगळ्यांना तुझा व्हिडिओ इतका आवडलाय."

तिनं पान उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं. दोघीतिघींनी फोन वर धरले. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, शिष्याची परीक्षा असावी तशा.

"वाच गं," त्या म्हणाल्या.

"नाही वाचणार."

"अगं, गंमत आहे," मधुरा म्हणाली. "मनाला काय लावून घेतेस?"

"गंमत आहे तर तुम्ही वाचा. आणि तो व्हिडिओ काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"तो ग्रुपवर आहे. सगळ्यांकडे गेलाय."

"मग सगळ्यांनी काढा. माझ्या आईनं बघितलाय तो."

एकीनं फोन काढून खरंच काहीतरी पुसलं. बाकीच्या ढोकळा बघत बसल्या. आजींचा आवाज चढला. "महिनाभर मी तुझ्यावर मेहनत घेतली. तुझ्या भल्यासाठी. चार लोकांत बोलायची लाज वाटू नये म्हणून."

"लाज मला नव्हती वाटत, आजी. तुम्ही चमचा घालून शिकवलीत ती."

पुस्तक मी त्यांच्या पलंगावर ठेवलं. फेकलं नाही. त्यांना कूस बदलून द्यायची वेळ झालेली, ती दिली. औषध दिलं. त्यांनी डोळे मिटून घेतलेले. बाकीच्या बायका चपला घालत होत्या. माझी पाळी संपेपर्यंत मी त्या घरात होते, आणि त्या सगळ्या वेळात मला कुणी मावशी म्हणून हाक मारली नाही. हाकच मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ब्यूरोतून फोन. उद्धट आहे, तिथं जायचं नाही. पंधरा दिवस घरी बसवलं. व्हिडिओ अजून फिरत असेल. मला माहीत आहे, तो कधीच पुरता जाणार नाही. मधुराचा ग्रुप पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी वाचेल, किंवा त्याचं मागचं कव्हर.

आता मी कल्याणला जाते. लकवा मारलेले एक काका आहेत. पहिल्या दिवशी त्यांच्या मुलानं दार उघडलं. मी दोन वाक्यं बोलले असेन, तर तो जरा हसला. "तुम्ही कुठल्या? बोलण्यावरून कळतं."

आधी मी अशा वेळी जीभ आवरायचे. डोंबिवलीची, एवढंच म्हणायचे.

"मानपाड्याची," मी म्हटलं. "आगरी. माझ्या बोलन्यात पानीच येनार. चालनार नसेल तर आत्ता सांगा, मी परत जाते."

त्याचं हसणं गेलं. तो बाजूला झाला.

मी वाचणं सोडलेलं नाही. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून घेते, मोठ्यानं वाचते, माझ्या तोंडानं वाचते. गरीब मुलीला बोलायला शिकवणारं पान आलं की तिथंच पुस्तक बंद करते. लिहिताना ण लिहीन, ळ लिहीन, ते मला येतात आणि ते कुणाच्या बापाचे नाहीत. पण बोलताना आईसारखी बोलेन. आणि पुन्हा कुणी हसायला फोन वर धरला, तर हातातलं काम खाली ठेवीन आणि त्याच्या डोल्यात डोले घालून विचारीन, कनाला हासतंस.