महाडच्या काचेवर दादाची भुवई

दादाच्या वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले होते आणि वहिनीकडे त्याचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. होता तो हुतूतूच्या संघाचा. त्यात दादाचा चेहरा पावट्याएवढा, तोही पुसट. वहिनीला समोर ठेवायला चेहरा हवा होता. मी रजा टाकून पुण्याहून निघालो.

भोरवरून वरंधा घाटाने महाडला जाणार असाल, तर एसटीत पुढे बसा. मी मागे बसलो आणि दिवसभर अंग ठणकत राहिलं. बाजारात पन्नास नव्या पैशांत तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ मिळाली. भूक नव्हती, तरी खाल्ली.

दत्तोबा चित्रकारांचं दुकान तिथून जवळच. त्यांचे वडील काचेच्या मागच्या बाजूने देव रंगवायचे. दत्तोबा त्याच रीतीने पैलवान आणि हुतूतूचे गडी रंगवतात. मागे तोच लाल पडदा, तीच कमान. पायाखाली मात्र कमळाऐवजी फक्कीची मधली रेघ.

"खुणा आधी सांगा," ते म्हणाले. "काचेवर शेवटचं आधी काढावं लागतं. डोळे, मिशी, व्रण. कातडीचा रंग त्याच्यामागून चढतो. मागाहून आठवलं म्हणालात, तर काच फोडावी लागेल."

"भुवईवर व्रण होता. डाव्या."

"त्यांच्या डाव्या, की तुमच्या?"

"त्याच्याच," मी न अडखळता सांगितलं.

रंग वाळेपर्यंत आठ दिवस धर्मशाळेत काढले. मग काच पेंढ्यात गुंडाळून पोलादपूरपर्यंत एसटी, आणि पुढे दादाच्या घरापर्यंत उमरठच्या वाटेने दीड तास चाल. काच छातीशी धरून चढताना हात भरून आले.

वहिनीने पेंढा काढला. दादा दम धरून चढाईला निघालेला.

"मिशी अगदी तशीच हाय," ती म्हणाली. मग तिने काच उजेडात धरली. "पण भावजी, व्रण उजव्या भुवईवर होता."

मी बोटांवर दिवस मोजले. नवीन करायला दिवस उरले नव्हते.

"एवढी वर्षं समोरासमोर बसून जेवलात, आणि डावं-उजवं नाय कळलं?" ती हसली, आणि पदराने काच पुसायला लागली. "ऱ्हाऊ दे. आरशात बघून भांग पाडायचे, तेव्हा मी मागं उभी असायचे. मला असेच दिसायचे."

श्राद्ध झालं. त्याच घाटाने परत आलो. दोन दिवस नुसता झोपून होतो.

महाडला गेलात, तर असं चित्र जरूर करून घ्या. फक्त त्या माणसाच्या घरचं कुणीतरी सोबत न्या. मी घरचाच आहे, असं मला वाटत होतं.