कोणात पैला?

मून मॅडमसमोर कोणी "पैला नंबर" म्हटलं का त्या हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या अन् विचारायच्या, "कोणात?" मले लय राग यायचा. वर्ध्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई, आमच्या भिंतीले भिंत लागून राहायच्या. मी नववी नापास, माह्यासंग काऊन बोलत बसायच्या कोण जाणे.

माही सोनू आठ महिन्याची होती तवा वार्डात सुदृढ बाळाची स्पर्धा झाली. तीन पंच, तिघायनं लेकरं पाहून आपापले नंबर लावले, अन् तिघायच्याही कागदावर सोनूच पैली. सासू पेढे वाटत वाटत मॅडमच्या दारात गेली. "तिघायचं जुळलं मॅडम, एकाचंबी दुमत नाई!"

"तिघं जुळले, एवढंच कळलं," मॅडम म्हणे. "पोरीचं काय कळलं?"

सोनूले मांडीवर घेतलं, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली. चामडी तशीच उभी राह्यली, खाली बसेच ना. गल्लीत साऱ्याच लेकरायले हगवण लागली होती, नळाले पिवळं पाणी येऊन राह्यलं होतं, अन् आमाले वाटे दात येऊन राह्यले. मॅडम अशा भडकल्या का मी भेलीच. "आखे लेकरं सुकले, तुही जराशी कमी सुकली, म्हणून पैली! सारे संगंच खाली गेले तर नंबर जिथचा तिथंच राह्यते बाई. किती खाली गेले, ते नंबर नाई सांगत!"

सासू फणकारली, "सोताले लेकरू नाई, म्हणून जळता."

"जळतो. आता अटो बोलाव."

सेवाग्रामच्या दवाखान्यात सोनूले सलाईन लागलं. सांजेले दुसऱ्या नंबरचं लेकरू आलं, बाजूच्याच पलंगावर. मॅडम पायथ्याशी बसून दात खात पुटपुटे, "पैली म्हणे. पैली!"

दोघंही वाचले. मॅडम मात्र यंदा पोळ्याच्या आधी गेल्या.

शोकसभेत त्या पंचातलेच एक भाऊ उठले, म्हणे, "कॉलेजातल्या पैल्या नंबरच्या मॅडम होत्या, त्यायच्या नावानं यंदा बाळाची स्पर्धा घेऊ." साऱ्यायनं माना हलवल्या. मले चार लोकात बोलता येत नाई, अन् सासू पदर ओढून राह्यली होती, बस खाली, बस खाली. पण सकाळीच नळाचं पाणी भरलं होतं मी, पिवळंच. सोनूले कडेवर घट्ट धरलं अन् वरडली, "कोणात?"

सारे माह्याकडं पाहाले लागले.

"पैला नंबर कोणात काढता भाऊ? पाणी पाह्यलं का आधी?"