वाटूरहून अंबडला

वाटूर फाट्यावर मी पेटी घेऊन उभी होते. एसटीची वाट बघणाऱ्या एका म्हातारीनं मायला विचारलं, “नांदायला चालली का पोरगी?” आमच्याकडं मुलगी पेटी घेऊन निघाली की ती सासरीच निघालेली असते, दुसरं कारण लोकांना सुचत नाही. माय म्हणाली, “न्हाई, मास्तरीण व्हायला चालली, अंबडला.” म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं, की माझाच नवरदेव कुठं हरवलाय असं मला वाटलं.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेटी गाडीत चढवली आणि एवढंच म्हणाले, “येक वरीस बघू. वार्षिक पाठात नापास झाली तर मंग घरी ये. पाव्हणे बघायला घेऊ.”

गाव सोडलेल्यांनो, तुम्ही पुण्याला गेलात, दुबईला गेलात, तुमच्या आठवणींना वजन आहे. माझं स्थलांतर जालन्याला गाडी बदलून फार तर अडीच तासांचं. एवढ्याशा अंतरासाठी रडायचीही सोय नसते. पहिल्याच महिन्यात मी शनिवारी घरी गेले आणि रविवारी निघताना रडले, तर चुलते लगेच आण्णांना म्हणाले, “मंग कशाला धाडता? ऱ्हाऊ द्या घरीच.” तेव्हाच मी ठरवलं, पाठ पास होईपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. शिकवायचं वेड मला लहानपणापासूनचं. गोठ्यातल्या वासरांनासुद्धा मी पाढे म्हणून दाखवलेत, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही.

अंबडला एका गल्लीत खोली घेतली होती. बरोबरची मुलगी दिवाळीनंतर लग्न होऊन गेली आणि तिची खाट तशीच राहिली. मी त्या खाटेवर वह्या ठेवायला लागले, म्हणजे ती रिकामी दिसू नये. एकटीपुरत्या दोन पोळ्या करायच्या आणि उभ्यानंच खायच्या. मला फार एकटं वाटायचं, सरळ सांगते. फोनवर माय विचारायची, “करमतं का गं?” मी म्हणायचे, “बिलकुल करमतं.”

आम्हा डी.एड.वाल्यांचे सरावाचे पाठ तिथल्याच एका शाळेत चालायचे. वर्षाच्या शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन एक पाठ बघत, तो वार्षिक पाठ. त्यात एक न सांगितलेली रीत होती. आदल्या दिवशी वर्गात जायचं आणि तोच पाठ मुलांकडून एकदा घोटून घ्यायचा, म्हणजे परीक्षकांसमोर हात पटापट वर येतात. सगळेजण एकदा घ्यायचे. मी दहा-बारा दिवस आधीपासूनच जाऊन तो आठ वेळा घेतला. नापास व्हायची भीती होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. चौथीचा तो वर्ग सोडला तर दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. पाण्याच्या तीन अवस्था हे निमित्त, मला त्या मुलांत बसायचं असायचं.

पाठाच्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर बसले. मी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच अर्धा वर्ग ओरडला, “वाफ!” बर्फाच्या डब्याला हात लावला, तर उरलेला अर्धा म्हणाला, “वितळला!” डबा अजून बंदच होता. मी गडबडून उभी राहिले. पुढच्या बाकावरच्या अल्फियाला माझी काळजी वाटली असावी. ती म्हणाली, “बाई, आता जल्दी फळ्यावर लिहा ना. रोज इथंच लिहिता तुमी.”

परीक्षकांनी माझी पाठाची टाचणवही मिटली आणि विचारलं, “किती वेळा झालाय हा पाठ?”

साक्षीला अख्खा वर्ग बसलेला, खोटं बोलणार कशी? “आठ वेळा, सर,” मी म्हणाले. आणि जे बोलणार नव्हते तेही निघून गेलं, “खोलीवर कोणी नसतं.”

त्यांनी वही मला परत दिली. मग म्हणाले, “बरं. आता यांना येत नाही असं काहीतरी शिकवा.”

असं काही माझ्या टाचणात नव्हतं. त्या मुलांना माहीत नसलेलं माझ्याकडं एकच होतं, माझं गाव. मी फळ्यावर चार दिशा काढल्या. खाली अंबड मांडलं, वर जालना, जालन्याच्या आग्नेयेला वाटूर आणि त्याच्या बाजूला आमचं घर. गाडी कुठून कुठं वळते ते मुलं बोटं फिरवून दाखवू लागली. मग प्रत्येकाला आपापल्या मामाचं गाव फळ्यावर हवं झालं. पाठ असा रंगला की मी परीक्षकांना विसरून गेले. गाडी वर जाऊन खाली येते खरी, पण नकाशात माझं गाव अंबडच्या पूर्वेला, अगदी वीतभर अंतरावर आलं होतं. अल्फिया उठून म्हणाली, “बाई, हे तर जवळच हाय! मंग तुमी घरी का न्हाई जात?”

तेवढ्यात तास संपला.

मी पास झाले. आण्णांना फोन केला. ते म्हणाले, “चांगलं झालं. म्हंजे आता काई तू वापस येत न्हाई.” त्यात राग नव्हता. आभाळ बघून पावसाचं सांगावं तसं ते बोलले. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वर्षभर ज्या घरासाठी झुरत होते, तिथं परत जायचा एकच सरळ रस्ता होता, नापास व्हायचा. तो मीच बंद केला होता.

पुढच्या परीक्षा झाल्या, नोकरी लागली ती थेट कोकणात. माझ्या शाळेत सगळी मिळून नऊ मुलं आहेत. मी आता भातावर जगते, वस्तीला ‘वाडी’ म्हणते, आणि गावाकडची ज्वारी पुरवून पुरवून खाते. आता घर खरोखर लांब आहे. घरी का जात नाही असं विचारणाऱ्याला तसं सांगितलं की तो मान डोलावतो, पुढं काही विचारत नाही.

मागच्या सुट्टीत मी मायला म्हटलं, “अजून दोन दिवस राहते.” ती माझी पिशवी भरत होती. हात न थांबवता म्हणाली, “शाळा उघडंल ना तुझी? पोरं खोळंबतील तिकडं. त्यांच्या बाई हायेस तू.” बोलताना तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता, म्हणून मीही पिशवीत कपडे भरायला लागले.

ते दोन दिवस मी मुलगी म्हणून मागितले होते.