आप्पांचा तळहात

आप्पा कांबळे कुठल्याही यंत्राबद्दल काही बोलण्याआधी त्याच्यावर तळहात ठेवत. पिठाची गिरणी असो, विहिरीवरची मोटार असो की शेजारणीचा मिक्सर, आधी हात, मग डोळे मिटून जरा वेळ गप्प आणि मग निकाल. "आतनं ढिलं झालंय," असं ते म्हणाले की आतून काहीतरी ढिलं झालेलंच निघे. शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांची आक्का, गडमुडशिंगीत माझ्या घरासमोर राहत.

आप्पा फार मोठ्यानं बोलत. त्यात कुणाला नवल वाटत नसे, कारण आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात. हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर काहीतरी लपवत असतो, अशी आमची समजूत. दुसरं कुणी बोलू लागलं की ते त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत ऐकत. मी शाळेत शिकवते. वर्गात असं ऐकणारं एक मूल मिळालं तरी दिवस सार्थकी लागतो, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल पहिल्यापासूनच आदर होता.

माझी गाडी छोटी, जुनी आणि दुसऱ्याकडून घेतलेली. एका हिवाळ्यात ती सकाळी चालू केली की किंचाळायला लागली. साधंसुधं नाही, कानठळ्या बसवणारं. मी शाळेला निघाले की गल्लीतल्या खिडक्या उघडत आणि त्यातून झोपमोड झालेली तोंडं बाहेर येत. "बाईंची गाडी वरडली, उठा आता," असं पोरांना सांगायची पद्धतच पडली. प्रत्येकानं कधी ना कधी माझ्याकडे तक्रार केली. फक्त आप्पांनी एक शब्द काढला नाही. शेजारी असावा तर असा, असं मी मनात म्हणायचे.

मी माझ्या अकलेनं उपाय केला. आमच्या घरी दार करकरलं, पाळणा कुरकुरला की आई खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायची. बॉनेट उघडून पाहिलं तर आवाज एका काळ्या पट्ट्याकडून येत होता. त्याला मी सढळ हातानं तेल पाजलं. दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी ती दुप्पट किंचाळली आणि समोर बॅटरीचा लाल दिवा लागला.

नेमका तो दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि आई होती गारगोटीला. तिचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. भीतीपोटी तिनं दोन तारखा टाळल्या होत्या. या वेळी मोठ्या मिनतवारीनं तयार झाली, तीही एका अटीवर, की मी स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला यायचं. भाड्याच्या गाडीत परका ड्रायव्हर दिसला असता तर तिला नाही म्हणायला निमित्तच मिळालं असतं. माझा गॅरेजवाला लग्नाला गेला होता आणि दुसरा म्हणाला, परवा बघू. मी पायरीवर डोकं धरून बसले. आक्कानं ते पाहिलं आणि आप्पांना पाठवून दिलं.

त्यांनी मला ओढणी काढून ठेवायला लावली. चालत्या मशीनजवळ लोंबतं काही नको, हा त्यांचा पहिला नियम. गाडी चालू करायला सांगून त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी भरत ठेवणाऱ्या यंत्राला लावलं, मूठ स्वतःच्या हनुवटीच्या हाडाला टेकवली आणि डोळे मिटले. मी कानात बोटं घालून उभी होते. त्या भयंकर आवाजात हा माणूस पहाटेच्या वंदनेला बसल्यासारखा शांत होता.

"बेरिंग झ्याक हाय," ते म्हणाले. "पट्टा घसरतोय."

इंजिन बंद केल्यावर त्यांनी पट्ट्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"बाई, ह्ये इंजान हाय, डोस्कं न्हवं. पट्ट्यानं धरून ऱ्हायाचं असतंय. तुमी त्याला निसटायला शिकीवलासा."

मला वाटलं होतं, आता ते बाह्या सरसावतील. पण त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी कां कूं करू लागले तेव्हा म्हणाले, उद्या वाटेत काही झालं तर मी काय पळत गारगोटीला येऊ? मग मीच आधी बॅटरीची वायर सोडली. दोन बोल्ट ढिले केले, अल्टरनेटर आत ढकलला आणि तेलकट पट्टा काढला. तो पिशवीत घालून स्कूटरवरून दुकानात गेले आणि नंबर जुळवून तसाच नवा आणला. तोवर आप्पा जागचे हलले नव्हते. ज्या चाकांवरून पट्टा फिरतो ती त्यांनी मला साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या बनियनच्या तुकड्यानं पुसायला लावली. पुसून झालं की ते बोट फिरवून वास घेत आणि नाही म्हणून मान हलवत. चौथ्यांदा चाकं पास झाली.

पट्टा चढवून खोऱ्याच्या दांड्यानं अल्टरनेटर बाहेर रेटायचा आणि बोल्ट आवळायचे. मी जोर लावून असे आवळले की शाबासकीच मिळेल. त्यांनी पट्टा अंगठ्यानं दाबला आणि सगळं पुन्हा सोडायला सांगितलं. फार ताणला तर बेरिंग खातो, कमी ताणला तर पुन्हा ओरडतो. शेवटी त्यांनी माझा अंगठा पट्ट्यावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवून दाबला. "एवढंच दबाय पायजे. ध्येनात ठेवा." आजही माझ्या अंगठ्याला तो दाब आठवतो.

मी किल्ली फिरवली. गाडी नुसती गुरगुरली. पलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, इतकी शांतता. माझे डोळे भरून आले. आप्पा बॉनेटवर हात ठेवून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आवाज गेला का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतायत. तेवढ्यात आक्का दारातून म्हणाली, "त्यास्नी कुठलं ऐकू येतंय? फौंड्रीनं कान खाल्लं की त्यांचं."

आप्पांनी तिचे ओठ वाचले असावेत. "बारीक आवाज समदं गेलं," ते हसून म्हणाले. "कुकरची शिट्टी, चिमण्या. जाडं आवाज तेवढं येत्यात थोडं. पर हाताला कळतंय की."

ज्या आवाजानं आख्खी गल्ली हैराण झाली होती, तो या माणसानं एकदाही ऐकला नव्हता. आणि तो कुठून येतो, का येतो, हे आम्हा कान असलेल्यांत एकालाही सांगता आलं नव्हतं. त्यांचं मोठ्यानं बोलणं, ते एकटक बघणं, सगळं एका क्षणात उलगडलं. माणसाबद्दल इतका आदर मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

आईचं ऑपरेशन वेळेवर झालं. महिन्याभरानं ती आली ती थेट आप्पांच्या घरी गेली आणि त्यांचा हात हातात घेऊन उलटसुलट बघत बसली.

गेल्या थंडीत आप्पा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर लोक पांगले आणि आक्कानं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, तुझ्या आईला आणायला तू पहाटे निघालीस ना, त्या दिवशी आमचे हे अंगात स्वेटर घालून आधीच दारात उभे होते. मी म्हटलं, हो, मी हात केला होता.

"तुझ्याकडं न्हवतं बघत त्ये," आक्का म्हणाली. "गल्लीतल्या खिडक्या बघत हुतं. तू कोपऱ्यावरनं वळलीस तरी एक बी उघडली न्हाय, तवा घरात आलं. म्हणलं, गाडी गप हाय, आता च्या टाक."