लेथची पूजा आणि समीरची बोट

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

आज खंडेनवमी. ख्राइस्टचर्चच्या आमच्या गॅरेजमध्ये मी माझ्या लेथची पूजा केली. याच लेथवर लाकडाचे तुकडे फिरवून मी पेनं बनवतो. झेंडू इथे आत्ता मिळत नाही, म्हणून डॅफोडिल वाहिलं. प्रसादाला मित्र समीर आला. लेथवरचं हळदकुंकू बघून म्हणाला, "फारच महाग नाद लागलाय रे तुला!"

आणि हे बोलतंय कोण? ज्याच्या ड्राइव्हवेवर मासेमारीची बोट उभी आहे तो! ट्रेलर, पेट्रोल, इन्शुरन्स वेगळंच.

खोटं कशाला बोलू, माझाही खर्च होतो. लेथ सेकंडहँड आहे, पण एक छिन्नी आणली की दुसरी खुणावते. लाकूड मात्र फुकट, शेजारणीने तोडलेल्या प्लमच्या झाडाचं.

मी तसं सांगितलं, तर म्हणतो, "बोट फॅमिलीसाठी आहे रे. पेनं काय, दुकानात हीप्स मिळतात, ढिगाने."

मग शिऱ्याची दुसरी वाटी संपवून म्हणाला, "बरं, ऑफिसात गिफ्ट द्यायला चार पेनं करून ठेव ना. तुझं काय, घरचंच तर आहे!"

आणि मी काय म्हणालो? "स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, "हो, चालेल की!" तेच तर डोक्यात जातंय!

माझी तीन पेनं आधीच त्याच्याकडे आहेत. त्याच्या बोटीतून आमच्या घरी आजवर साधा एक मासा आलेला नाही. आता तुम्हीच सांगा, कुणाचा छंद कुणाला महाग पडतोय?