आईच्या वाट्याचं कापड

परवा अकोल्याच्या चर्चमध्ये अभिषेकाच्या सुगंधी तेलाचा वास आला आणि वार्ताहर म्हणून पाहिलेला अमरावतीतला एक जुना दीक्षाविधी आठवला. कापूस लागोपाठ बुडत होता, ती वर्षं. अचलपूरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातला मुलगा धर्मगुरू झाला. बिशपांनी त्याच्या तळहातांना तेल लावलं आणि प्रवचनात सांगितलं, ख्रिस्ताप्रमाणे याजकही स्वतःला अर्पण करतो.

तेल पुसलेलं कापड रिवाजाप्रमाणे आईला मिळालं. पुढे ते तिच्याच शवपेटीत ठेवायचं असतं. त्याच्या थोरल्या बहिणीने, मार्थाने, ते बघायला हात पुढे केला. भावाला शिकवायचं म्हणून तिची शाळा सातवीत सुटली होती. शेत तीच करायची.

"हात नोको लावू," आई म्हणाली. "फवारणीचे हात तुये."

"धुतले ना वो, दोनदा."

"तरी वास येते."

मार्थाने हात मागे घेतला. "देवाले तू कोनाले देल्लं, आई? त्याले का मले?"

"त्याले. तू तं घरचीच."

"हो. कामाची."

नवे फादर शेजारीच उभे होते. त्यांनी दोघींना आशीर्वाद दिला.

मी बातमी आईच्या त्यागावर केली. फोटोत मार्थाही होती. जागेसाठी मीच तिला कापलं, आणि तेव्हा ते रोजचंच काम वाटलं.